उशीपेक्षा लहान अभ्रा

५ जानेवारी

निवृत्तीच्या निरोपसमारंभात वर्कशॉपच्या लोकांनी मला ही डायरी आणि एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ मागे पडतं म्हणून मी ते खोलून ठेवलंय. डायरीत खोलण्यासारखं काही नाही, तेव्हा लिहायला घेतोय. मशीन कधी बंद पडलं आणि का पडलं, यापलीकडे मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही. तसंच लिहितो.

आज सकाळी ही न्हाणीघराच्या दारात पाय घसरून पडली. मी घड्याळाचा काटा चिमट्यात धरून बसलो होतो. धप्प आवाज आला आणि मी काटा टाकून धावलो. उजवं मनगट मोडलंय. डॉक्टर म्हणाले, साधं फ्रॅक्चर आहे, वयाच्या मानाने हाड चांगलं आहे. "वयाच्या मानाने" ऐकल्यावर ही घरी येईपर्यंत धुसफुसत होती. कोपरापर्यंत प्लास्टर आणि गळ्यात पट्टा.

घरी आल्यावर म्हणाली, "आता स्वयंपाक तुम्ही करायचा. कपाळाला आठ्या पाडू नका, मी सांगते तसं करा."

केला. मीठ विसरलो. एक शब्द न बोलता जेवून उठली, त्यावरून तिला किती दुखत असेल ते मला कळलं.

९ जानेवारी

मालकांचा फोन. मला नावाने कोणी हाक मारत नाही, वर्कशॉपात मी मायक्रॉनच. मोजमापात केसभर फरक चालवून घेत नाही म्हणून तरुणपणी कोणीतरी ठेवलेलं नाव, ते चिकटलं ते चिकटलंच. "मायक्रॉन," मालक म्हणाले, "दुसऱ्या गावी नवीन वर्कशॉप टाकतोय. मशीन बसवून द्यायची, नवीन माणसं तयार करायची. दोन वर्षं या. क्वार्टर देतो."

मी म्हटलं, घरात आजारपण आहे, थोडा वेळ द्या. म्हणाले, फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत वाट बघतो.

खरं सांगायचं तर निवृत्त झाल्यापासून माझा जीव कातावलाय. सकाळी उठायचं आणि कशासाठी उठलो ते आठवत बसायचं. फोन ठेवला तेव्हा मला पुन्हा माणसात आल्यासारखं वाटलं. हिला सांगितलं.

"मग जा की," ही म्हणाली.

"नक्की?"

"तुम्हाला आवडतंय तर जा. क्वार्टर कसं आहे?"

"एक खोली, ओटा, मागच्या बाजूला नळ."

"आणि खिडकी?"

"विचारलं नाही. मला कशाला हवी खिडकी? दिवसभर मी वर्कशॉपात."

"हं," ही म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हिचा "हं" मला अजून मोजता आलेला नाही.

१२ जानेवारी

आमच्या लेकीने नवीन घर घेतलं. तिच्या सोफ्यावर ठेवायला ही एक शोभेची उशी करत होती. आतली उशी शिवून, कापूस भरून तयार आहे. वरचा अभ्रा क्रोशाने विणायचा, त्याची लोकर आणली होती आणि हात मोडला. आज दुपारी बघतो तर लोकरीचा गुंडा मांडीवर घेऊन ही खिडकीशी बसलेली, आणि डोळे भरलेले.

हिला रडताना बघितलं की मला काही सुचत नाही. तोंडाला येईल ते बोलून जातो. म्हटलं, "त्यात काय एवढं? दे इकडे. मी करतो."

रडता रडता हसायला लागली. त्याने मी आणखी पेटलो. "तू फक्त सांग. आणि ऐक, ही उशी पुरी झाल्याशिवाय मी गावाला जाणार नाही."

हसायची थांबली. "शब्द देताय?"

"दिला."

एक आकडेवाली सुई आणि एक धागा. मोटर नाही, गिअर नाही, तेलपाणी नाही. आठवड्याचं काम.

१३ जानेवारी

आठवड्याचं काम नाही.

१६ जानेवारी

आधी साखळी घालायची. धाग्याचा फास करायचा, त्यातून सुईने पुढचा धागा ओढायचा, की झाली एक कडी. माझी साखळी इतकी आवळलेली की त्यात सुई परत शिरेना. ओठ चावून ओढत होतो.

"अहो, नट आवळताय का?" ही म्हणाली. "जरा ढील द्या. लोकर आहे ती, कुठे पळून जात नाही."

शेवटी माझ्या शेजारी येऊन बसली, डावा हात माझ्या हातावर ठेवला आणि माझंच बोट धरून धागा कसा खेळवायचा ते दाखवत राहिली. हिचा हात माझ्या हातावर एवढा वेळ शेवटचा कधी होता, आठवेना. कामावरून मी यायचो तेव्हा ओटा आवरून ही दमलेली असायची, आणि मीही. मला फार बरं वाटलं. जमायला लागलं होतं तरी मी मुद्दाम एकदा चुकलो.

तेवढ्यात समोरच्या घरातल्या सिस्टर आल्या. त्या दवाखान्यात नोकरी करतात, हिची विचारपूस करायला येतात. मी लोकर पटकन वर्तमानपत्राखाली सरकवली. "चालू दे, चालू दे," त्या म्हणाल्या, "मी काही बघितलं नाही." लोकरीचा धागा माझ्या कोपरापासून लोंबत होता.

२१ जानेवारी

साखळीवर आता खांब घालतोय. सुईवर वेढा घेऊन उभा टाका काढायचा, त्याला खांब म्हणतात. शब्द आवडला. ओळीने उभे राहिले की दिसतातही तसेच. सरळ ओळींचे दोन चौकोन करायचे, तीन बाजूंनी जोडायचे, उशी आत घालून चौथी बाजू शिवायची.

पण आधी माप. व्हर्नियर, म्हणजे आमची जबड्याची मोजपट्टी, काढला आणि उशी मोजायला घेतली. व्हर्नियरचा जबडा दाबला की उशी लहान, सोडला की मोठी. तासभर असंच चाललं. ही पलंगावर लोळून हसत होती. शेवटी मधलं माप धरलं, आणि कोणताही शहाणा कामगार करतो तेच केलं: बुशाच्या भोकात शाफ्टचा दांडा जायचा तर बारीकशी मोकळीक लागतेच, तशी अभ्र्यालाही चारी बाजूंनी ठेवली. कागदावर नकाशा काढला.

ही नकाशा बघून म्हणाली, "छान आहे." आणखी काही बोलली नाही. मला वाटलं, पटलं.

३० जानेवारी

दोन्ही चौकोन झाले. कच्चा टाका मारून अभ्रा उशीवर चढवला आणि माझं तोंड बघण्यासारखं झालं. बापाचा शर्ट घातलेल्या पोरासारखी उशी आतल्या आत सरकत होती. कोपरे लोंबत होते.

"माप बरोबर आहे," मी म्हटलं. "मी पुन्हा मोजतो."

"माप बरोबर आहे, म्हणूनच चुकलंय," ही हसून हसून डोळे पुसत म्हणाली. "अहो, अभ्रा उशीपेक्षा लहान करायचा असतो. उशी आत कोंबून बसवायची. मग ती गुबगुबीत दिसते."

"मोठी वस्तू लहानात कशी बसेल?"

"बसते. थोडं अंग चोरायचं. माणसं नाही का राहत एका खोलीत दोन-दोन?"

"तुला हे आधी माहीत होतं."

"मग?"

"मग नकाशा बघितलास तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही एवढं मन लावून काढला होतात," ही म्हणाली.

मी रागाने तो अभ्रा उसवायला निघालो तर तिने हिसकावून घेतला आणि कपाटात घडी करून ठेवला. म्हणाली, तुमच्या हातचा पहिला आहे, राहू दे. आता नवीन लोकर आणून पुन्हा पहिल्यापासून. कामात एवढा माल वाया घालवला असता तर मालकांनी मला दारात उभं केलं नसतं.

५ फेब्रुवारी

गावाला जायची व्यवस्था लावतोय. सिलिंडर संपला तर सिस्टरच्या घरून कोणीतरी लावून देईल, बोलून ठेवलं. औषधांचं दुकानदाराला सांगितलं, घरपोच देईल. विजेचं बिल लेक भरेल. हिच्यासमोर बसून सगळं नीट समजावून सांगितलं. ही शांतपणे ऐकत होती. मला वाटलं होतं, एवढी काळजी घेतोय बघून खूश होईल. म्हणाली, "सगळं लक्षात ठेवलंत हो अगदी."

संध्याकाळी लेकीचा फोन.

"बाबा, आईला विचारलंत का?"

"पहिल्याच दिवशी विचारलं. म्हणाली, जा."

"एवढंच विचारलंत?"

"आणखी काय विचारायचं असतं?"

लेक म्हणाली, "आईला द्या फोन." मायलेकी आतल्या खोलीत दार लावून पुष्कळ वेळ बोलत होत्या. बायकांचं बोलणं, मी लक्ष दिलं नाही.

१६ फेब्रुवारी

आज प्लास्टर काढलं. आतला हात काटकुळा झालाय, कातडी सुकलेली. दवाखान्यातच मी तो हातात घेऊन बसलो. डॉक्टर थांबले, ही लाजली. "सोडा की," म्हणाली, "मोडून परत आलाय, पळून गेला नव्हता." हाड छान जुळलंय. बोटांना व्यायाम म्हणून स्पंजचा एक चेंडू दिलाय, तो दाबत राहायचं.

मालकांना फोन करून सांगितलं, महिनाअखेरीला येतो. ते म्हणाले, क्वार्टरला रंग द्यायचाय, वहिनींना विचारून कोणता ते सांगा. मी म्हटलं, कोणताही द्या हो, मी एकटा माणूस. हिला गंमत म्हणून सांगितलं, की मालकांचं डोकं फिरलंय, रंगासाठी तुला विचारायचं म्हणतात.

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, कोणताही."

"भिंतींना फिका रंग बरा असतो. खोली लहान असली तर मोठी वाटते," ही म्हणाली आणि चेंडू दाबत बसली.

दुसरा अभ्रा निम्मा झालाय. टाके आता सरळ येतात. सांगायला हरकत नाही, हे काम मला आवडायला लागलंय. दुपारचा चहा झाला की आम्ही खिडकीशी बसतो. मी विणतो, ही चेंडू दाबते आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाबद्दल काही ना काही सांगते. समोरच्या लाँड्रीवाल्याचं लग्न मोडता मोडता कसं राहिलं, ते मला कालच कळलं. तो आमच्या समोर राहतोय कधीचा. मी होतो कुठे?

२० फेब्रुवारी

काहीतरी गडबड आहे. काम पुढे सरकत नाही. रोज चार-पाच ओळी घालतो आणि रोज सकाळी तुकडा तेवढाच. आज सकाळी व्हर्नियर लावला, तर कालच्यापेक्षा चक्क कमी.

थंडीने धातू आकसतो हे मला माहीत आहे. लोकरही आकसत असावी. दुपारी ऊन आल्यावर पुन्हा मोजलं, काही फरक नाही. हिला सगळं समजावून सांगितलं. तोंड अगदी सरळ ठेवून ऐकलं. मग म्हणाली, "वय झालं आता. मोजायला चुकला असाल."

मायक्रॉन मोजायला चुकतो? दिवसभर बोललो नाही मी हिच्याशी. संध्याकाळी हिने माझ्या चहात साखर जास्त घातली, तेव्हा बोललो.

२३ फेब्रुवारी

मधाच्या बाटलीचं झाकण घट्ट बसलं होतं. मी पक्कड आणायला आत गेलो. येऊन बघतो तर बाटली उघडी.

"सैलच होतं," ही म्हणाली.

सैल नव्हतं. मी दोनदा जोर लावून बघितला होता. माझ्याच हातातली ताकद गेली की काय? काम नसलं की माणूस असा गंजतो. गावाला गेलेलं बरं. पण हिचा हात अजून वळत नाही म्हणते, मूठ मिटत नाही. हिला असं सोडून जायला मन घेत नाही. हे मी तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती म्हणेल, जा की.

उशी होत नाही ती नाहीच. मालकांना काय सांगू, उशी राहिलीय?

२६ फेब्रुवारी

लोकरच खराब आहे, हे आज माझ्या लक्षात आलं. गुंड्यातून बाहेर येणारा धागा सगळा वाकडातिकडा, कुरळा. सुईवर नीट बसत नाही. वापरलेली तार सरळ केली तरी तिचे बाक राहतात, तसा. म्हटलं, दुकानदारीणबाईने जुना माल गळ्यात मारला. गुंडा पिशवीत घालून तडक दुकानात गेलो आणि बाईंना चार शब्द सुनावले.

बाईंनी धागा बोटांत धरून बघितला आणि माझ्याकडे बघितलं. "काका, ही विणून उसवलेली लोकर आहे. उसवली की अशी कुरळी होते. दिली तेव्हा सरळ होती."

"मी उसवलेली नाही."

"मग घरात आणखी कोण आहे?"

मी गुंडा पिशवीत टाकला आणि निघालो. क्षमा मागायचंही राहून गेलं.

येताना हळूहळू चालत आलो. मी रात्री झोपलो की ही उसवत असणार. माझं काम हिला पसंत नाही. टाके घट्ट आहेत, मला दिसतात की. लेकीच्या नव्या घरात असलं ओबडधोबड काही जायला नको, पण तोंडावर सांगून माझं मन मोडायचं नाही, म्हणून आपली गुपचूप उसवते. फार वाईट वाटलं. माझी सगळी मेहनत तिने फेकून दिल्यासारखी वाटली. मी इतका वाईट कारागीर कधीच नव्हतो.

घरी आलो, पिशवी टेबलावर ठेवली.

"माझं काम एवढं वाईट होतं तर सांगायचंस."

"वाईट कुठे आहे?"

"मग उसवतेस कशाला?"

हातातला चेंडू थांबला. "कोणी सांगितलं?"

"लोकरीनेच सांगितलं."

मला वाटलं, नाही म्हणेल. नाही म्हणाली नाही. पदराने खुर्चीचा हात पुसत राहिली, तो स्वच्छच होता. मग म्हणाली, "तुमचे टाके चांगले आहेत. घट्ट आहेत, पण चांगले आहेत. उसवताना माझा जीव तुटायचा."

"मग?"

"मग काय? उशी झाली की तुम्ही निघालात. शब्द दिला होतात ना."

मी खालीच बसलो. "अगं, तूच म्हणालीस, जा."

"म्हणाले. निवृत्त झाल्यापासून तुम्ही भिंतीकडे बघत बसायचात. त्या दिवशी फोन आला आणि तुम्ही शीळ घालत आंघोळीला गेलात. ते बघून मी नको म्हणणार होते का?"

"मग आता नको म्हणतेस?"

"नाही."

"मग तुला हवंय तरी काय?"

आता मात्र हिचा आवाज चढला. "सिलिंडरचं सिस्टरना विचारलंत. औषधांचं दुकानदाराला विचारलंत. बिलाचं लेकीला विचारलंत. मी इथे तुमच्या समोर बसून खिडकी विचारतेय, भिंतींचा रंग सांगतेय, आणि तुम्हाला एकदा तरी सुचलं का, मला म्हणावं, तूही चल?"

खरंच सुचलं नव्हतं. आयुष्यभर मी कामावर गेलो आणि ही घरी राहिली. काम म्हणजे जायचं ठिकाण आणि ही म्हणजे परत यायचं ठिकाण, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. दोन्ही एका जागी असू शकतील असं कधी मनात आलंच नाही.

"एकच खोली आहे," मी म्हटलं.

"ऐकलंय मी ते."

"तुला इथलं सगळं सोडून करमायचं नाही, असं वाटलं मला."

"वाटलं तुम्हाला. विचारलं नाहीत."

मग विचारायचं ठरवलं आणि जीभ उचलेना. मी असं काही कधी कोणाला विचारलेलं नाही. आमचं लग्नसुद्धा घरच्यांनी ठरवलं, हिच्या वडिलांनी माझ्या वडिलांना विचारलं, मला नुसतं कळवलं. हिला तर तेवढंही कोणी केलं नसेल. म्हाताऱ्या वयात, लोकरीची पिशवी समोर ठेवून, मी पहिल्यांदा बायकोला काही विचारणार होतो.

"येशील का माझ्याबरोबर?" मी म्हटलं. "तू नसलीस तर मला तिथे काही सुधरायचं नाही."

हिने चेंडू बाजूला ठेवला. टेबलावरचा अर्धवट तुकडा ओढून घेतला, सुई उजव्या हातात धरली आणि खांब घालायला लागली. एक, दोन, दहा. सुई कुठे शिरते नि कुठून बाहेर येते ते दिसेना, इतकी भराभर. हात तर केव्हाचाच बरा झाला होता. माझ्या ओळी संपून तिच्या सुरू झाल्या ती जागा कोणालाही ओळखू आली असती, माझे आवळलेले आणि तिचे सुटसुटीत.

मला राहवेना. "अगं, विचारलं ना मी. उत्तर?"

"बोलू नका, मोजतेय," ही मान वर न करता म्हणाली. "दोन दिवसांत व्हायला हवी ना."

मी मुकाट्याने दुसऱ्या गुंड्याचं टोक शोधायला घेतलं.